ह्या घरात ल्हान लेकरू न्हाई

पेपरात अधूनमधून एक चित्र येतं. राज्यातल्या लेकरांचं वजन, उंची, किती जगली, किती गेली, आणि त्यावरून काढलेली एक रेघ. मी जन्मभर शाळेत मास्तरीण होते, मला रेघ वाचता येते. ती खोटी असते असं मी म्हणणार नाही. मोजणारी माणसं मी जवळून पाहिलीत, बिचारी उन्हातान्हात दारोदार फिरायची. पण ती रेघ दिसली की माझी माय डोळ्यांसमोर उभी राहते आणि माझं डोकं फिरतं. मग घरातले म्हणतात, हिला पेपर देऊच नका.

आमचं गाव जालन्याहून अंबडकडं जाताना आत पडतं. दुष्काळ नुकताच सरला होता. सरला म्हणजे आभाळातून सरला, घरातून अजून गेला नव्हता. बाबा मंठ्याकडं तलावाच्या कामावर खडी फोडायला होता. पगार झाला की यायचा, दोन रात्री राहून परत जायचा. घरात माय, मी आणि माझ्या कडेवरचा भाऊ. मी चौथीत होते, पण शाळेपेक्षा तो भाऊच मला जास्त होता.

माझ्या आणि ह्या भावाच्या मध्ये आणखी दोघं झाली होती. एक बहीण, एक भाऊ. बहीण चालायला लागली आणि गोवर येऊन गेली. तो भाऊ दुष्काळात गेला, सरकारी मदतीच्या सुकडीचं पातेलं गावात यायला लागण्याच्या आधी. दोघंही दिसायला गोजिरी होती. माय त्यांना न्हाऊमाखू घालायची, काजळ भरायची, कुणी दारात आलं की पुढं करायची, बघा माझं लेकरू. दोघं गेल्यावर तिनं मनाशी एकच गोष्ट पक्की केली. मी मिरवली म्हणून गेली.

म्हणून तिसऱ्या खेपेला तिनं लेकरू विकलं.

दचकू नका, विकलं म्हणजे तसं नाही. आमच्याकडं ही रीत होती. ज्या बाईची लेकरं वाचत नाहीत, तिनं नवं लेकरू सुपात घालायचं आणि शेजारणीला विकून टाकायचं. मरण त्या बाईचं लेकरू शोधत आलं तर घर रिकामं दिसावं, एवढाच मतलब. बाळंतीण उठली त्या दिवशी मायनं भावाला फाटक्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, सुपात घातलं आणि मागच्या दारानं बाहेर नेलं. शेजारची काकू पदरात कोंडा घेऊन उभीच होती. काकू म्हणजे नात्याची नव्हे, पण नात्यापेक्षा वरची. तिची लेकरं मोठी होऊन आपापल्या घरी गेलेली, एक नाही मेलं. म्हणून तीच गिऱ्हाईक.

"काय इकायला आणलंस गं?" काकू म्हणाली.

"हे. काही कामाचं न्हाई. घ्यायचं तर घ्या."

"काय घेशील?"

"वंजळभर कोंडा द्या."

काकूनं कोंडा दिला, लेकरू पदरात घेतलं, आपल्या घरात फिरवून आणलं आणि परत मायच्या हातात दिलं. "माझं लेकरू हाय, नीट सांभाळ. दूध तुझं, मालकी माझी." गल्लीतल्या बाया हसल्या. माय हसली नाही. त्या दिवसापासून तिनं त्याला कधी माझं म्हटलं नाही. काजळ नाही, नवं झबलं नाही, नावसुद्धा ठेवलं नाही. तो रडला की म्हणायची, "काकूचं रडून राह्यलं, घे त्याला." आम्हीसुद्धा त्याला काकूचं असंच म्हणायचो. तेच त्याचं नाव झालं.

बाबाला हे कळलं तेव्हा तो भडकला. आमच्या वस्तीनं देव कधीच सोडून दिले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यासमोर बसून बाबा मला पाढे म्हणायला लावायचा. तो म्हणाला, "हे सारं सोडलं ना आपण? मंग परत काय लावलंस?"

"ह्याच्यात देव कुठं हाय?" माय म्हणाली. "नुसतं इकलंय. इकायला बी बंदी हाय का?"

 मायपुढं बोलण्यात बाबाचा निभाव लागणं तसं अवघडच होतं. "चालायला लागलं की परत घेईन," ती म्हणाली, "तवा नाव ठेवू, बुद्धवंदना करू, तुमी म्हणान ते करू." तो कामावर निघून गेला.

उन्हाळ्यात एक दिवस एक माणूस डबडं घेऊन गल्लीत आला आणि काही दारांवर गेरूनं खुणा करून गेला. सगळ्यांवर नाही, काही घरं सोडून एका घरावर. आमच्या चौकटीवर खूण झाली. काकूच्या झाली नाही. माय त्याच्यामागं गेली, "आमच्याच दाराला काहून?" तो म्हणाला, "तुमचं घर मोजणीत आलंय, मावशी." मायचं तोंड उतरलं. आपल्या दारावर कुणी काही लिहिलेलं तिला बिलकुल खपायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप आली. औरंगाबादहून एक बाई आणि एक तरणा माणूस. बाईंनी आमच्या गल्लीतल्या लिंबाच्या फांदीला गोल काटा टांगला आणि खाली कापडाची झोळी अडकवली. लेकरू झोळीत घालायचं, ते भोकाड पसरायचं, काटा थरथरायचा, थांबला की बाई आकडा सांगायच्या. मग फळीवर निजवून लांबी, मग दंडाला पट्टी. आम्ही पोरं गोल करून बघत होतो, जत्राच ती. बाई मायाळू होत्या. बायांना समजावून सांगत होत्या, "सगळ्या राज्यात अशी घरं निवडलीत. दर थोड्या महिन्यांनी येऊन तीच लेकरं परत मोजायची. म्हणजे कळेल, लेकरं सुधारतायत का खालावतायत." ज्यांचं लेकरू वजनात फार कमी भरत होतं त्यांना जालन्याच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळत होती आणि दुधाच्या पावडरचं पाकीट.

मग त्या आमच्या दारात आल्या. मी उंबऱ्यात भावाला कडेवर घेऊन उभी. त्याची मान माझ्या खांद्यावर. तो तेव्हा बसायला शिकला होता आणि परत विसरला होता.

"पाच वर्षांखालचं कोण आहे घरात?" बाईंनी विचारलं.

"कुणी न्हाई," माय म्हणाली. "ह्या घरात ल्हान लेकरू न्हाई."

"आणि हे?"

"ते शेजारणीचं हाय."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, हे आमचंच हाय. माझा भाऊ हाय."

मायनं माझ्याकडं बघितलं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं, असं बघितलं. मग बाईंना हसून म्हणाली, "लळा लागलाय पोरीला. दिसभर हिच्याच कडंवर असतंय."

बाईंनी शेजारचं दार बघितलं. कडी होती. काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्ती. तरणा माणूस म्हणाला, "ते घर आपल्यात नाही." म्हणजे काकूचा म्हणून भाऊ मोजायचा नव्हता आणि आमचा म्हणून तो नव्हताच. तरीपण बाईंनी जाता जाता, असंच, भावाच्या दंडाला पट्टी गुंडाळली. त्यांचं हसू गेलं. "ह्याच्या आईला सांगा," त्या मायला म्हणाल्या, "लेकरू फार हडकलंय. आज संध्याकाळपर्यंत आम्ही चावडीवर आहोत. आईनं येऊन नाव सांगितलं की चिठ्ठी देते. आईच पाहिजे पण."

माय म्हणाली, "सांगते."

दिवस कलल्यावर माय उठली. तोंड धुतलं, पदर सारखा केला, माझ्या कडेवरून भावाला आपल्याकडं घेतलं आणि चावडीच्या वाटेला लागली. मी मागं. माझ्या जिवात जीव आला. चावडीच्या कोपऱ्यावरच्या हौदापाशी ती थांबली. समोर जीप दिसत होती. बाई कागद आवरत होत्या. बस, एवढंच जायचं आणि म्हणायचं, माझं आहे. माझी माय तिथं भावाला छातीशी धरून उभी राहिली आणि तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती मला ऐकू आलं नाही. जीप सुरू झाली, वळली, आमच्या अंगावर धुरळा उडवून गेली. मायनं पदरानं भावाचं तोंड पुसलं.

"माय, जल्दी सांगितलं असतं तर..." मी म्हणाले.

"गप बैस," ती म्हणाली. "काकू येऊ दे."

बाबा आला तेव्हा मी सगळं एका दमात सांगितलं. त्यानं भावाला हातात घेतलं, खालीवर करून बघितलं, जसं तो बाजारात शेळीचं पिल्लू बघायचा. मग मायला म्हणाला, "लेकरू लपवून मरण चुकतं का गं?"

"दोघं दाखवली व्हती साऱ्या जगाला," माय म्हणाली. "राह्यली का?"

एवढंच बोलली. बाबा भिंतीकडं तोंड करून बसला. मला आजही वाटतं, ह्या जगात कुणाकडंच त्याचं उत्तर नव्हतं. जीपवाल्या बाईकडंही नव्हतं. पण चिठ्ठी होती, तोकडी का होईना.

बाबा म्हणाला, उद्या पहिल्या गाडीनं जालन्याला नेतो, चिठ्ठी असो नसो. माय म्हणाली, काकूचं लेकरू आहे, तिला न विचारता गावाच्या शिवेबाहेर कसं न्यायचं? आधी परत विकत घ्यायचं, मग न्यायचं. तसं नाही केलं तर वाटेतच जाईल. बाबा तापला, हातातला तांब्या आपटला. मग माय त्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "तुमी न्या. तुमचं बराबर असंल. पण वाटंत काही झालं तर मी तुमच्याकडं जन्मात बघणार न्हाई." बाबाला खडी फोडायची ताकद होती, ह्याची नव्हती. त्यानं काकूला निरोप धाडला आणि कामाचा खाडा करून घरी थांबला. आम्ही तिघं काकूची वाट बघत बसलो. भाऊ पेज पीत होता, ती पोटात राहत नव्हती. मी त्याच्यापुढं चमचा वाजवायची. आधी तो बघायचा, मग बघायचा बंद झाला.

काकू ओली बाळंतीण लेक सोडून धावत आली. पहाटे मायनं सूप आणून भावाला त्यात निजवलं, मग ओंजळभर कोंडा आणि आपल्या लग्नातलं ठेवणीतलं खणाचं कापड काढलं. काकूच्या हातात दिलं. काकूनं पटकन भावाला सुपातून काढून मायच्या ओटीत घातलं. रीतीप्रमाणं बोलायचं तिनं सोडूनच दिलं. म्हणाली, "घे बाई तुझं."

माझ्या मायनं त्या दिवशी पहिल्यांदा त्याला माझा म्हटलं. माझा राजा, माझा सोन्या, माझं लेकरू. जन्मापासून साठवून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून येत होतं. डोळ्यात काजळ घातलं. पेटीतून झबलं काढलं, आधीच्या भावाचं, ते ह्याला ढगळ झालं. आम्ही सगळे फाट्यावर जाऊन उभे राहिलो. पहिली एसटी भरलेली होती, थांबली नाही. बाबा हात वर करून तिच्यामागं पळाला, पळत राहिला, शेवटी कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

दुसरी गाडी थांबली. आम्ही चढलोसुद्धा. पण जालना यायच्या आत माय एकदम गप झाली. इतका वेळ चाललेलं माझा सोन्या, माझा राजा थांबलं. मी तिच्या मांडीला लागून बसले होते. मी बघितलं, तिनं त्याच्या तोंडावरून पदर घेतला होता, माशी बसू नये म्हणून घेतात तसा. कंडक्टर तिकिटाचे सुटे पैसे द्यायला आला, तिच्याकडं बघितलं आणि पैसे तसेच हातात धरून पुढं गेला. बाबाला त्यानंच मागं जाऊन हळूच सांगितलं.

मला मायचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? वर्षानुवर्षं यायचा. आणि राग आला की मला ती हौदापाशी उभी दिसायची, ओठ हलवत, आणि मग माझा राग जायला जागा उरायची नाही. तो मग जीपवर जायचा, गेरूच्या डबड्यावर जायचा, न थांबलेल्या एसटीवर जायचा. अजून जातो.

दिवाळीच्या सुमाराला जीप परत आली. ह्या वेळी आमच्या दारात तो तरणा माणूस आधी आला. चौकटीवरची खूण अजून होती. मायनं ती पुसली नव्हती. पोतेऱ्याचा हात तिथं आला की बाजूनं फिरवायची, मी बघितलं होतं. त्यानं ठरलेले प्रश्न विचारायला घेतले. पाच वर्षांखालचं कोण? नाही. मागच्या भेटीपासून ह्या घरातलं लहान मूल दगावलं का?

"व्हय," माय म्हणाली. "माझं लेकरू गेलं."

तो थांबला. मागची पानं चाळली. "मावशी, मागच्या खेपेला ह्या घरात लहान मूल नव्हतं."

"व्हतं."

"इथं नाही असं आहे. तुम्हीच सांगितलेलं."

"मी खोटं सांगितलं व्हतं. लिवा. माझं व्हतं."

तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन कागदावरून उचललं. तो म्हणाला, ज्याचं येणं लिहिलेलं नाही त्याचं जाणं लिहिता येत नाही, हिशेब जुळत नाही. माय काकूला हाताला धरून घेऊन आली. काकू म्हणाली, "साहेब, मी इकत घेतलं व्हतं वंजळभर कोंड्याला, मंग परत दिलं." झालं, तो बिचारा आणखीच गोंधळला. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी मला ओळखलं. माझी कड बघितली, रिकामी. मग मायकडं बघितलं आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"ते शेजारणीचं..." त्या म्हणाल्या.

"माझं," माय म्हणाली.

बाईंना सगळं समजलं असावं. त्यांनी मायचा हात धरून ठेवला. मायनं तो सोडवून घेतला नाही, पण तिचं एकच चाललं होतं, लिवा. बाईंनी वर विचारून बघते म्हणून एका वेगळ्या कागदावर लिहून घेतलं. त्या कागदाचं काय झालं मला ठाऊक नाही. जाताना तो तरणा माणूस गल्लीतल्या दुसऱ्या एका घरी सांगत होता, तुमच्या गावाचं बरं आहे, मागच्या वेळी मोजलेली सगळी लेकरं आहेत. त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं.

बाबा त्यानंतर तलावाच्या कामावर गेला नाही. गावातच मिळेल ते करायला लागला. पुढच्या पावसाळ्यानंतर माझी बहीण झाली. गल्लीतल्या बाया सूप घेऊन आल्या, काकूसुद्धा पदरात कोंडा घेऊन आली, भीत भीत. मायनं सूप हातानं बाजूला सारलं. त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं.

आणि जीप आली तेव्हा गल्लीत पोरं गोळा व्हायच्या आधी, काटा फांदीला लागायच्या आधी, माझी माय बहिणीला घेऊन लिंबाखाली उभी होती. बाई खाली उतरतात न उतरतात तोच तिनं लेकरू पुढं केलं.

"माझं हाय," ती म्हणाली. "मोजा."

बाईंनी बहिणीला झोळीत घातलं. ती कडाडून रडली, पाय झाडायला लागली, काटा थरथरत वर गेला. सगळ्या बाया काट्याकडं बघत होत्या. माय बाईंकडं बघत होती.

"ह्याच्या आधीचं बी माझंच व्हतं," ती म्हणाली.